जगदीशचंद्र बोस : क्षीण रेडिओलहरी टिपणाऱ्या स्फटिकाचे जनक

लखनौ येथे 2 एप्रिल 1938 रोजी ऑल इंडिया रेडिओचे मध्यम लहरींवरील केंद्र सुरू झाले. त्या काळी व्हॉल्व्हचे रेडिओसंच महाग होते आणि ते चालविण्यासाठी वीज किंवा बॅटरी लागत असे. प्रसारण केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांसाठी मात्र एक स्वस्त पर्याय उपलब्ध होता. घरावर ताणलेली एक लांब तार, तांब्याच्या तारेचे वेटोळे, गॅलिना या शिशाच्या खनिजाचा लहानसा स्फटिक, त्यावर टेकविलेले बारीक तारेचे टोक आणि कानाला लावावयाचे श्रवणयंत्र एवढ्या साहित्यात प्रसारण ऐकता येत असे. या स्फटिक संचाला बॅटरी लागत नसे. कानात उमटणाऱ्या ध्वनीसाठी लागणारी सर्व ऊर्जा केंद्रावरून आलेल्या लहरीतूनच मिळत असे.

या संचातील गॅलिनाच्या स्फटिकाचा विद्युतलहरी टिपण्यासाठी उपयोग करून त्याचे एकस्व, म्हणजेच पेटंट, सर्वप्रथम मिळविणारे शास्त्रज्ञ भारतीय होते. आचार्य जगदीशचंद्र बोस हे ते शास्त्रज्ञ होत. लखनौ केंद्राच्या उद्‌घाटनापूर्वी 130 दिवस, 23 नोव्हेंबर 1937 रोजी, गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले होते. वनस्पतींच्या संवेदनांवरील संशोधनामुळे त्यांचे नाव शालेय पुस्तकांतून घरोघरी पोहोचले. तथापि, आज हवेतील क्षीण रेडिओलहरींपासून वीज मिळविण्यासाठी अभियंते जे प्रयत्न करीत आहेत, त्यांचा एक महत्त्वाचा धागा बोस यांच्या कोलकात्यातील लहानशा प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोहोचतो.

मातृभाषेतून शिक्षण

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी सध्या बांगलादेशात असलेल्या मैमनसिंग येथे झाला. विक्रमपूर परगण्यातील राढीखाल हे त्यांचे मूळ गाव. वडील भगवानचंद्र बोस हे ब्राह्म समाजाचे अनुयायी असून ब्रिटिश सरकारच्या सेवेत उपदंडाधिकारी होते. त्या काळी अशा अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाने प्रथम आपली भाषा आणि आपली माणसे ओळखावीत या विचाराने त्याला फरीदपूरच्या बंगाली शाळेत घातले. तेथे वडिलांच्या मुस्लिम सेवकाचा मुलगा आणि एका कोळ्याचा मुलगा हे जगदीशचंद्रांचे सहाध्यायी होते. त्यांच्याकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या गोष्टींमुळे निसर्गाविषयीचे कुतूहल जागे झाले, असे ते पुढे सांगत असत.

सन 1869 मध्ये ते कोलकात्याच्या हेअर स्कूलमध्ये आणि नंतर सेंट झेवियर्स शाळेत दाखल झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफाँ या बेल्जियन धर्मगुरूंनी त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लावली. प्रयोग करून दाखविल्याखेरीज कोणताही नियम न शिकविण्याची लाफाँ यांची पद्धत होती. पदवी घेतल्यानंतर जगदीशचंद्र 1880 मध्ये वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेले. परंतु भारतात असतानाच जडलेला ताप तेथेही पाठ सोडेना. शवविच्छेदनगृहातील वासाने तो अधिकच बळावू लागल्याने त्यांना वैद्यकशास्त्र सोडावे लागले. त्यानंतर केंब्रिजच्या ख्राइस्ट्स महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. तेथे लॉर्ड रॅले हे त्यांचे गुरू होते. केंब्रिज व लंडन या दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या घेऊन ते मायदेशी परतले.

तीन वर्षे विनावेतन अध्यापन

सन 1885 मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे हंगामी प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. भारतीय माणूस विज्ञानासारखा काटेकोर विषय शिकवू शकणार नाही, असा शिक्षण खात्यातील वरिष्ठांचा समज होता. त्यामुळे ही नियुक्ती सहजासहजी झाली नाही. भारतीय प्राध्यापकांना युरोपीय प्राध्यापकांच्या दोन तृतीयांश वेतन देण्याचा प्रघात होता. त्यातही पद हंगामी असल्याने बोस यांचे वेतन निम्म्यावर आले. अशा प्रकारे समान कामासाठी त्यांना केवळ एक तृतीयांश मोबदला देऊ करण्यात आला.

बोस यांनी काम नाकारले नाही. त्यांनी वेतन नाकारले. सलग तीन वर्षे ते नियमितपणे शिकवीत राहिले आणि वेतनाला त्यांनी हात लावला नाही. घरची स्थिती तेव्हा चांगली नव्हती. वडिलांनी लोकोपयोगासाठी सुरू केलेले काही उद्योग बुडाले होते आणि कुटुंबावर मोठे कर्ज होते. सन 1887 मध्ये त्यांचा विवाह अबला दास यांच्याशी झाला. अबलादेवींनी मद्रास येथे वैद्यकीय शिक्षण घेतले होते आणि पुढे स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात त्यांनी मोठे कार्य केले. तीन वर्षांनंतर सरकारने बोस यांना कायम करून पूर्ण वेतन मागील तारखेपासून मंजूर केले. एकरकमी मिळालेल्या या पैशाचा विनियोग त्यांनी वडिलांचे कर्ज फेडण्यासाठी केला.

लहानशा खोलीतील प्रयोग

जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्‌झ यांनी 1880 च्या दशकात विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. 1894 च्या प्रारंभी हर्ट्‌झ यांचे निधन झाले. त्यानंतर ऑलिव्हर लॉज यांनी त्यांच्या कार्यावर दिलेले व्याख्यान बोस यांच्या वाचनात आले. त्याच वर्षी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, पुढील आयुष्य संशोधनाला वाहून घेण्याचा निश्चय त्यांनी केला. महाविद्यालयात संशोधनाची सोय नव्हती. एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराकडून उपकरणे तयार करवून घेत, त्यांनी कामाला सुरुवात केली. त्याचा खर्चही प्रारंभी त्यांनीच केला.

हर्ट्‌झ यांच्या लहरींची लांबी काही मीटरपासून अर्ध्या मीटरच्या आसपास होती. लहान खोलीत अशा लांब लहरींचे वर्तन तपासणे कठीण होते. बोस यांनी म्हणून लहरीच आखूड केल्या. प्लॅटिनमच्या लहान गोलाजवळ विजेच्या ठिणग्या पाडून त्यांनी 5 मिलिमीटरपर्यंत आखूड लहरी निर्माण केल्या. अशी लहर एका सेकंदात सुमारे 60 अब्ज कंपने करते. लहरी वाहून नेण्यासाठी त्यांनी पोकळ नळ्या आणि रुंद तोंडाचे कर्णे वापरले. ध्रुवीकरणाच्या प्रयोगासाठी तर त्यांनी पीळ घातलेला ताग आणि पानांमध्ये कथलाचे पत्रे ठेवलेले रेल्वेचे जाडजूड वेळापत्रकही उपयोगात आणले. मे 1895 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी या विषयावरील पहिला शोधनिबंध सादर केला.

त्याच सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग करून दाखविला. मध्ये भिंती असतानाही अदृश्य लहरींनी दूरच्या खोलीतील घंटा वाजविली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडविला. या प्रयोगाने नगरजन थक्क झाले. लंडन विद्यापीठाने 1896 मध्ये त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. 29 जानेवारी 1897 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे सप्रयोग व्याख्यान झाले.

येथे एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. बोस यांना रेडिओचे जनक म्हणण्याची प्रथा आपल्याकडे आहे. परंतु संदेश दूरवर पाठविणे हे त्यांचे मुख्य उद्दिष्ट नव्हते. विद्युतलहरी प्रकाशाप्रमाणेच परावर्तित होतात, वळतात आणि ध्रुवीकृत होतात, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. त्यांच्या आखूड लहरी या कामासाठी योग्य होत्या. मार्कोनी यांनी समुद्रापार संदेश पाठविण्यासाठी लांब लहरी वापरल्या आणि त्या पुढे व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरल्या. बोस यांचे वैशिष्ट्य लहर टिपणाऱ्या उपकरणात होते.

लहर ओळखणारे उपकरण

लहर निर्माण करणे तुलनेने सोपे होते. दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेली लहर ओळखणे अवघड होते. त्या काळी यासाठी धातूच्या किसाने भरलेली काचेची नळी वापरत. लहर आली की किसाचे कण एकमेकांना चिकटत आणि नळीतून वीज वाहू लागे. मात्र प्रत्येक वेळी नळीला टिचकी मारून कण मोकळे करावे लागत. शिवाय बंगालच्या उष्ण व दमट हवेत हे उपकरण भरवशाचे राहत नसे. बोस यांनी किसाऐवजी पोलादाच्या बारीक स्प्रिंगा शेजारी शेजारी बसविल्या. गंज चढू नये म्हणून त्यांवर कोबाल्टचा मुलामा दिला आणि स्क्रूच्या साहाय्याने स्प्रिंगांवरील दाब कमी-अधिक करण्याची सोय केली. दाब योग्य असेल तेव्हाच उपकरण सर्वाधिक संवेदनशील असते, असे त्यांना आढळले.

सन 1899 मध्ये त्यांनी लोखंड आणि पारा यांच्या संपर्कावर आधारित, टिचकी न मारताही पूर्ववत होणाऱ्या शोधकाची माहिती रॉयल सोसायटीपुढे मांडली. 12 डिसेंबर 1901 रोजी अटलांटिक महासागर ओलांडून आलेला संकेत मार्कोनी यांनी ऐकला, तेव्हा त्यांच्याजवळ लोखंड व पाऱ्याचाच शोधक होता. इटलीच्या नौदलाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या शोधकाचे मूळ बोस यांच्या निबंधात असल्याचे प्रतिपादन प्रबीर बंदोपाध्याय यांनी 1998 मध्ये केले. त्यावर सर्व अभ्यासकांचे एकमत नाही. मात्र बोस यांचा निबंध दोन वर्षे आधी प्रसिद्ध झाला होता, याविषयी वाद नाही.

निरनिराळे पदार्थ तपासताना बोस यांचे लक्ष गॅलिनाकडे गेले. गॅलिना म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग असलेले चकचकीत खनिज. धातूच्या तारेत विद्युतदाब दुप्पट केला की प्रवाहही दुप्पट होतो. काही संपर्कबिंदूंमध्ये मात्र हा नियम लागू पडत नाही, दाब वाढविला की प्रवाह त्याहून अधिक वेगाने वाढतो, हे बोस यांनी मोजून आलेखांद्वारे दाखविले. अशा वाकड्या आलेखाचा पदार्थ क्षीण लहरीच्या स्पर्शानेही प्रतिसाद देतो. गॅलिनाच्या टोकदार संपर्कांपासून बनविलेले त्यांचे उपकरण विद्युतलहरींप्रमाणेच दृश्य प्रकाशालाही प्रतिसाद देत असे. त्यामुळे ते या उपकरणाची तुलना डोळ्याशी करीत.

त्यांच्या मूळ उपकरणाच्या मंडलात एक विद्युतघट असे. लहर आल्यावर घटातून वाहणाऱ्या प्रवाहात फरक पडे आणि तो मापकावर दिसे. घटाशिवाय, केवळ लहरीच्या ऊर्जेवर चालणारा स्फटिक संच त्यानंतर काही वर्षांनी प्रचारात आला. धातूच्या गंधकयुक्त खनिजांमधून वीज एका दिशेने अधिक सहजतेने वाहते, हे जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी 1874 मध्येच नोंदविले होते. मात्र अशा स्फटिकाचा विद्युतलहरी टिपण्यासाठी उपयोग करून त्याचे एकस्व घेणारे बोस हे पहिले होत. ट्रान्झिस्टरच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या वॉल्टर ब्रॅटन यांनी 1955 मध्ये अर्धवाहकांच्या इतिहासाचा आढावा घेताना हे श्रेय बोस यांनाच दिले.

एकस्व आणि त्याचा त्याग

मे 1901 मध्ये बोस लंडनमध्ये असताना तारायंत्र व्यवसायातील एका धनाढ्य मालकाने त्यांची भेट घेतली. शोधाचे एकस्व घ्यावे, भांडवल आपण पुरवू आणि नफा वाटून घेऊ, असा प्रस्ताव त्याने ठेवला. बोस यांनी तो नाकारला. आपले मित्र रवींद्रनाथ टागोर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकिगत कळविली. पैशाच्या मोहात एकदा सापडले की सुटका नाही, अशी त्यांची धारणा होती.

बोस यांच्या हितचिंतकांना मात्र याची चिंता वाटत असे. अमेरिकेतील सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी आग्रह धरल्यामुळे अखेर 30 सप्टेंबर 1901 रोजी गॅलिना शोधकासाठी अमेरिकेत अर्ज दाखल करण्यात आला. 29 मार्च 1904 रोजी 755840 क्रमांकाचे एकस्व मंजूर झाले. अर्धवाहक पदार्थावर आधारित विद्युतलहर शोधकाचे ते पहिले एकस्व मानले जाते. त्यापासून आर्थिक लाभ मिळविण्याचा प्रयत्न बोस यांनी कधीच केला नाही. दोनच वर्षांनी, 1906 मध्ये, अमेरिकेत सिलिकॉन आणि कार्बोरंडम यांच्या स्फटिक शोधकांना एकस्वे मिळाली आणि त्यांतून व्यवसाय उभा राहिला.

या निर्णयाचे मूल्यमापन आजही दोन प्रकारे केले जाते. ज्ञान ही सर्वांची संपत्ती आहे, या तत्त्वाला बोस अखेरपर्यंत जागले, असे एक मत आहे. भारतात विद्युतशास्त्रावर आधारित उद्योगाची पायाभरणी होण्याची संधी त्यामुळे हुकली, असे दुसरे मत आहे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. ज्या काळात त्यांना प्रयोगशाळेसाठी पैशाची नितांत गरज होती आणि टागोर त्रिपुराच्या महाराजांकडून त्यांच्यासाठी साहाय्य मिळवीत होते, त्याच काळात त्यांनी हा निर्णय घेतला.

वनस्पतींकडे वळण

लहरी टिपणारी उपकरणे सतत वापरली की थकल्यासारखी होतात आणि विश्रांतीनंतर पुन्हा संवेदनशील बनतात, असे बोस यांच्या लक्षात आले होते. यातून सजीव आणि निर्जीव यांच्या प्रतिसादांतील साम्याचा विचार त्यांच्या मनात रुजला. 1902 मध्ये या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर त्यांचे संशोधन वनस्पतींकडे वळले. इंग्लंडमधील काही शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना तीव्र विरोध केला. भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या क्षेत्राबाहेर येऊ नये, असा त्यांचा सूर होता. बोस यांनी माघार घेतली नाही. वनस्पतींची अतिसूक्ष्म वाढ लक्षावधी पटींनी मोठी करून दाखविणारे क्रेस्कोग्राफ हे उपकरण त्यांनी तयार केले.

रेडिओलहरींच्या क्षेत्रात ते पुन्हा फारसे परतले नाहीत. 1915 मध्ये ते प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून निवृत्त झाले. 1917 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी 30 नोव्हेंबर रोजी त्यांनी कोलकात्यात बोस संशोधन संस्थेची, अर्थात बसू विज्ञान मंदिराची स्थापना केली. या संस्थेतील शोधांची एकस्वे घेतली जाणार नाहीत, असे त्यांनी स्थापनेच्या वेळीच जाहीर केले. 1920 मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. सत्येंद्रनाथ बोस, मेघनाद साहा आणि शिशिरकुमार मित्र यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांपैकी मित्र यांनी कोलकाता विद्यापीठात रेडिओविज्ञानाच्या अध्यापनाचा व संशोधनाचा पाया घातला.

बोस यांच्या हयातीतच भारतात नियमित प्रसारण सुरू झाले. 23 जुलै 1927 रोजी मुंबई येथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि पुढच्याच महिन्यात कोलकात्याचे केंद्र कार्यान्वित झाले. दोन्ही केंद्रांचे प्रक्षेपक दीड किलोवॅट शक्तीचे होते. मुंबईच्या आणि कोलकात्याच्या घरांत स्फटिक संचांवर गाणी ऐकली जाऊ लागली, तेव्हा बोस यांच्या एकस्वाला तेवीस वर्षे झाली होती.

क्षीण लहरीपासून वीज

स्फटिक संचाचे कार्य समजून घेतल्यास आजच्या संशोधनाचे स्वरूप ध्यानात येते. रेडिओलहर अँटेनामध्ये जो प्रवाह निर्माण करते, तो सेकंदाला लाखो-कोटी वेळा दिशा बदलतो. पुढे गेलेला प्रवाह तितकाच मागे येतो आणि त्याची बेरीज शून्य होते. अशा प्रवाहाने घट भारित करता येत नाही की इलेक्ट्रॉनिक मंडल चालविता येत नाही. त्यासाठी प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारे दार बसवावे लागते. या दारालाच एकदिशकारक किंवा रेक्टिफायर असे म्हणतात. गॅलिनाचा स्फटिक हेच काम करीत असे.

अडचण अशी की हे दार उघडण्यासाठीही काही किमान विद्युतदाब लागतो. सर्वसाधारण सिलिकॉन डायोडला तो सुमारे 600 मिलिव्होल्ट लागतो. अँटेनाला 10 मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटचा एक लाखावा भाग, एवढी शक्ती मिळाली असे मानू. नेहमीच्या 50 ओहम रोधाच्या मंडलात अशा लहरीचा कमाल दाब सुमारे 32 मिलिव्होल्ट भरतो. आवश्यक दाबाच्या तुलनेत तो विसावा हिस्साच होय. शहरातील हवेत विखुरलेल्या लहरींपासून मिळणारी शक्ती बहुधा यापेक्षाही कमी असते.

यावर अभियंते तीन प्रकारचे उपाय योजतात. पहिला उपाय म्हणजे कमी दाबाला प्रतिसाद देणारे शॉट्‌की प्रकारचे डायोड वापरणे. त्यांत गॅलिना शोधकाप्रमाणेच धातू आणि अर्धवाहक यांचा थेट संपर्क असतो. दुसरा उपाय म्हणजे अँटेना आणि डायोड यांच्यामध्ये वेटोळे व कपॅसिटर यांचे योग्य जुळणी साधणारे मंडल बसविणे. झोका योग्य वेळी ढकलला की उंच जातो, त्याप्रमाणे या मंडलात दाब वाढत जातो. मात्र असे मंडल लहरींच्या अरुंद पट्ट्यातच चांगले चालते. तिसरा उपाय म्हणजे अनेक डायोड व कपॅसिटर एकापुढे एक जोडून दाब टप्प्याटप्प्याने वाढविणे. परंतु प्रत्येक टप्प्यावर डायोड आपला वाटा घेत असल्याने टप्पे वाढविण्यालाही मर्यादा येतात.

या सर्व उपायांनंतरही निसर्गाचा एक नियम आडवा येतो. अत्यंत क्षीण लहरींच्या बाबतीत आत येणारी शक्ती निम्मी झाली की बाहेर मिळणारी शक्ती जवळजवळ चौथाईवर येते. लहर जितकी क्षीण तितकी तिच्यातील वाया जाणारा भाग अधिक असतो. संपर्काचा पृष्ठभाग लहान असेल तर उच्च वारंवारतेच्या लहरी त्यातून निसटत नाहीत, हेही आजच्या आरेखनाचे एक सूत्र आहे. बोस यांचा टोकदार संपर्क या दृष्टीनेही योग्य दिशेने टाकलेले पाऊल होते. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी टोकदार संपर्काचे सिलिकॉन डायोड वापरण्यात आले. अमेरिकी अभियंते विल्यम ब्राउन यांनी 1964 मध्ये सूक्ष्मलहरींच्या झोतावर लहान हेलिकॉप्टर तरंगत ठेवून दाखविले, तेव्हा त्याच्या अँटेनामध्येही अशाच डायोडांचा हजारोंच्या संख्येने उपयोग केला होता.

या तंत्राचे सर्वांत परिचित उदाहरण आज मोटारीच्या समोरच्या काचेवर दिसते. पथकर नाक्यावर उपयोगात येणाऱ्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्र 865 ते 867 मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील लहरी सोडते. फास्टॅगमधील सूक्ष्म एकदिशकारक त्या लहरीपासून वीज तयार करतो आणि त्या विजेवर चिप जागी होऊन आपला क्रमांक कळविते. काही मीटर अंतरावर चिपला मिळणारी शक्ती एका वॅटच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास असते. फेब्रुवारी 2021 च्या मध्यापासून देशातील राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग अनिवार्य करण्यात आला. लखनौहून निघालेली मोटार पथकर नाका ओलांडते, तेव्हा तिच्या काचेवर क्षणभरासाठी जे घडते, त्याचे तत्त्व स्फटिक संचाचेच असते.

शेतातील ओलावा मोजणारे किंवा पुलांच्या कंपनांवर लक्ष ठेवणारे संवेदक बॅटरी न बदलता वर्षानुवर्षे चालावेत, या उद्देशाने आता अधिक क्षीण लहरींवर चालणारे एकदिशकारक विकसित करण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. किमान दाबाची मर्यादा हाच त्यांच्या मार्गातील मुख्य अडसर आहे.

उशिरा मिळालेला सन्मान

विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आयईईई या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2012 मध्ये बोस यांच्या 1894 ते 1896 या काळातील मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता दिली. त्या प्रयोगांनंतर तोपर्यंत शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. चंद्राच्या पलीकडील बाजूच्या एका विवरालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. बोस यांची अनेक मूळ उपकरणे कोलकात्यातील बोस संस्थेत जतन करून ठेवण्यात आली आहेत. पोकळ नळ्या, पितळी कर्णे, बारीक स्प्रिंगा आणि गॅलिनाचे संपर्क यांचा त्यांत समावेश आहे.

लखनौचे केंद्र आजही प्रसारण करीत आहे. स्फटिक संच मात्र आता शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांपुरताच उरला आहे. वेटोळे गुंडाळून, तारेचे टोक स्फटिकावर इकडेतिकडे टेकवून पाहताना विद्यार्थ्याच्या कानात अचानक निवेदकाचा आवाज उमटतो. दाब किंचित वाढला किंवा तारेचे टोक जागचे हलले की तो आवाज नाहीसा होतो. योग्य बिंदू आणि योग्य दाब शोधण्याचे हेच काम जगदीशचंद्र बोस यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, स्वतःच्या खर्चाने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केले होते.